ओल इथं, भोक भलतीकडं

सेलोकर काका पहिल्यांदा आमच्या घरी चहाला आले आणि आल्या आल्या त्यांनी आमच्या भिंतीला कान लावला.

मी कपबशी घेऊन बाहेर आले तर खुर्ची रिकामी. पाहुणा कोपऱ्यात उकिडवा बसलेला, उजवा कान भिंतीला, डोळे मिटलेले, आणि बोटाच्या पेरानं टकटक चाललेली. मला वाटलं, माणसाला घेरीच आली. "काका, पाणी आणू का?" म्हणाले, तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. माझ्याच घरात. मग सावकाश उठले, पायजमा झटकला आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमच्या या भिंतीले ओल आली."

"ती दिसतेच आहे," मी म्हटलं. चांगली ताटाएवढी ओल होती, त्याला कान कशाला लावायला पाहिजे?

"ओल दिसते तिथं भोक नसते. भोक भलतीकडंच राह्यते. तुमचं भोक न्हाणीत हाये, मोरीच्या मांगं."

गवंडी बोलावला. भोक न्हाणीत, मोरीच्या मागंच निघालं. याचा मला तेव्हा जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही.

मी मूळची आसगावची. मोहाडीच्या शाळेत नोकरी लागली म्हणून तिथं बिऱ्हाड केलं, आणि शेजार मिळाला तो हा असा. काका पाटबंधारे खात्यात होते. आमच्या जिल्ह्यात गाव तिथं तलाव, आणि तलाव तिथं पाळ, म्हणजे मातीचा बांध, आणि पाळ म्हटली की तिला पोखरणारा खेकडा आलाच. पाळीवरून चालत जायचं, कुठं पाणी झिरपतंय ते पाहायचं आणि ते नेमकं कुठून शिरलं ते हुडकायचं, हे काकांचं काम. पाणी बाहेर पडतं एका जागी, पण खेकड्याचं बीळ असतं पार पलीकडं, पाण्याच्या अंगाला. उभी हयात यात गेली. पुढं ते रिटायर झाले, पण त्यांचा कान काही रिटायर झाला नाही.

कोणाच्या घरी कढी फाटली, कोणाची म्हैस आटली, कोणाच्या सायकलची चेन उतरली, की काका हजर. "मूळ पाहू," म्हणायचे. आणि मूळ त्यांना सापडायचं हो, तीच तर पंचाईत होती. कारण सापडलेलं मूळ ते नावासकट, मोठ्यानं आणि चारचौघांत सांगायचे. आमच्या शाळेचं घड्याळ रोज मागं पडायचं. काकांनी येऊन ते उघडलं, कान लावला, बंद केलं आणि प्रार्थनेला उभ्या असलेल्या सगळ्या पोरांसमोर जाहीर केलं, "घड्याळ चांगलं हाये. हेडमास्तर उशिरा येतेत अन् काटा मांगं करतेत." हेडमास्तर त्यानंतर महिनाभर बोलायचे बंद झाले. काकांशी नाही, माझ्याशी. शेजारी माझा ना.

"काका, थोडं आडबाजूला घेऊन सांगता येत नाही का?" असं मी एकदा विचारलं.

त्यांना प्रश्नच कळला नाही. "पाळीले भोक सापडलं अन् मी ते कानात सांगाचं? अवं, गाव बुडन नं."

याच खोडीपायी त्यांचा मुलगा तुटला. विनोद त्यांचा एकुलता एक. नागपूरला इंजिनियरिंगला होता आणि दुसऱ्या वर्षाला नापास झाला. त्याच सुमाराला काकूंच्या भाचीचं लग्न होतं नाकाडोंगरीला. पंगत बसलेली, वरणावर तूप पडलेलं, आणि कोणीतरी पाहुण्यानं सहज हळहळून म्हटलं, "पेपर कठीण गेले असतील पोराला." झालं. काकांनी हातातला घास खाली ठेवला आणि मूळ शोधायला घेतलं. पेपर कठीण नव्हते, त्याच्याच वर्गातले बाकीचे पास झाले. तब्येत उत्तम. खानावळ चांगली. खोलीत उजेड भरपूर. एकेक करून सगळं बाद केलं आणि शेवटी वरपक्ष, वधूपक्ष आणि वाढपी यांच्यादेखत सांगितलं, "मूळ एकच. पोट्टा आळशी हाये."

विनोद भरल्या ताटावरून उठला. आमच्याकडे पंगतीतून अर्धपोटी उठणं म्हणजे काय, ते सांगायला नको. तसाच चालत फाट्यावर गेला आणि मिळेल त्या गाडीनं नागपूर गाठलं. पुढं तीन वर्षं तो घराची पायरी चढला नाही. आईला भेटायचा तो मामाकडं. काकूंनी त्या काळात किती डोळे गाळले ते मी पाहिलंय, आमची परसदारं एकमेकांना लागून आहेत. काकांजवळ विषय काढला की त्यांचं एकच, "मी खोटं बोललो काय?" खोटं ते बोललेच नव्हते.

विनोदनं कॉलेज सोडलं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम शिकला आणि नागपुरातच नोकरीला लागला. आणि काका रिटायर झाले त्यानंतरच्या एका रविवारी, ध्यानीमनी नसताना, रिक्षातून उतरला. मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. कुठल्यातरी ऑफिसनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर त्यानं घेतला होता, दुरुस्त केला होता आणि एस.टी.त तान्ह्या लेकरासारखा सांभाळत आणला होता. ही गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची. मोहाडीत तोवर लोकांनी कॉम्प्युटर पाहिला असेल तर पेपरातल्या फोटोत.

"बाबूजी, रिटायर झालात. हे ठेवा," विनोद म्हणाला. तीन वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य.

काकांनी चालू झालेल्या मशीनकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि वाकून मशीनला कान लावला. "आतून आवाज येते," म्हणाले.

"पंखा आहे बाबूजी."

"हं. पंखा कायले?"

"गरम होते म्हणून."

बापलेकांची दिलजमाई म्हणतात ती एवढीच झाली. काकू स्वयंपाकघरात बेसनाच्या पाटोड्या थापत होत्या. त्यांचा हात तिथल्या तिथं थांबला होता. दोघं एकमेकांशी बोलतायत, एवढंच त्या ऐकत होत्या.

आता या मशीनची तऱ्हा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्याच्या पोटात स्वतःचं असं काही राहायचं नाही. सकाळी चालू केलं की आपण कोण, आपलं काम काय, हेसुद्धा त्याला ठाऊक नसायचं. ते सगळं एका फ्लॉपीवर लिहिलेलं. फ्लॉपी म्हणजे काळी, चौकोनी, पापडासारखी लवणारी चकती. मशीनला पुढं दोन तोंडं होती. त्यातल्या एकात ती सरकवायची, मग ते कुरकुर करत जागं व्हायचं. त्याच फ्लॉपीवर विनोदनं बापासाठी एक प्रोग्रामही करून ठेवला होता. तलावात किती हात पाणी आहे ते टाकायचं, खाली किती धान आहे ते टाकायचं, की पडद्यावर हिरव्या रोमन अक्षरात उमटायचं, "पाणी पुरेल" किंवा "पाणी पुरणार नाही". आजूबाजूचे शेतकरी विचारायला यायला लागले. काकांची छाती गजभर फुगली. तेच उत्तर इतकी वर्षं ते तोंडी सांगत आले होते, पण तेव्हा कोणी ऐकत नव्हतं.

पहिल्याच दिवशी विनोदनं फ्लॉपीचं पथ्य सांगितलं होतं. पाणी नको, धूळ नको, रेडिओवर ठेवायची नाही, आणि चुंबक तर जवळपासही नको, लिहिलेलं सगळं पुसून जाईल. हे ऐकायला काका होते, मी होते. काकू चुलीजवळ होत्या.

पथ्य म्हटल्यावर काका पेटले. मशीनला त्यांनी आपली मच्छरदाणी लावली. मशीन मच्छरदाणीत, आणि काका बाहेर खाटेवर डास मारत. मला आत जायचं तर आधी हात धुवायचे, मग उंबऱ्यावर उभं राहून दोन्ही हात उलटसुलट दाखवायचे. "तुमच्या हाताले खडू राह्यते," म्हणायचे. एवढी शिकलेली बाई मी, माझ्या हातांची तपासणी कोणी केली नव्हती, ती या माणसानं केली.

आणि इतकं करून महिन्याभरात मशीन बिघडलं.

सकाळी फ्लॉपी घातली, कुरकुर झाली आणि पडद्यावर इंग्रजी ओळ आली. काकांनी मला हाक मारली. मी वाचलं. अर्थ एवढाच, की मशीनला जागं करणारी जी मुख्य फाइल, ती एकतर खराब झाली किंवा गेली.

"गेली म्हणजे? कोठी गेली?" काका म्हणाले. "मी इथंच तं हावो."

पोस्टात जाऊन त्यांनी नागपूरला ट्रंक कॉल लावला. काका फोनवर बोलतात ते नागपूरला फोनाशिवायही ऐकू जावं. रविवारी विनोद आला, फ्लॉपीवर सगळं नव्यानं भरलं, जेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. काल संध्याकाळपर्यंत धडधाकट असलेली फाइल सकाळी नाही.

मग मात्र काकांनी कंबर कसली. आयुष्यभर पाळी राखल्या, आणि आता घरातल्या घरात भोक सापडू नये, म्हणजे काय?

आधी विजेवर संशय. आमच्या गल्लीच्या टोकाला धानाची मिल आहे. ती सुरू झाली की घराघरातले दिवे मान टाकतात. काका मिलमालकाकडे गेले आणि माझं मशीन चालू असताना तुमची मिल बंद ठेवा म्हणाले. मालक सज्जन माणूस. तो म्हणाला, "काका, धान तुमच्या कॉम्प्युटरवर टाकू का मग? तोच कांडून देईल." काका घरी आले आणि व्होल्टेजचं यंत्र घेऊन बल्बकडे टक लावून बसले. वीज निर्दोष सुटली.

मग उंदीर. मग पाल. मशीनमागं खरंच एक पाल निघाली. तिला हाकलून काकांनी गल्लीभर सांगितलं, की मूळ सापडलं. त्या महिन्यातही फाइल गेली आणि पाल निर्दोष ठरून परत आली. मग दमट हवा. मग दूधवाली, कारण ती खिडकीतून वाकून पाहते. मग मी. "खरं सांगा मास्तरीणबाई, रागावत नाही. हात धुतले होते?"

मी त्या दिवशी खरंच भांडले. "तुमचं मशीन अमावस्या पाहून बिघडतं, त्याला माझे हात काय करणार?" म्हणाले. मी आपलं रागात बोलले होते. पण बोलल्यावर माझ्याच लक्षात आलं, की दर अमावस्येला काकू माझ्या झाडाचं लिंबू मागायला येतात, आणि दुसऱ्या दिवशी काका तक्रार घेऊन. काकांनी मनातल्या मनात बोटं मोजली. त्यांचा चेहरा उतरला. असल्या गोष्टींवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. अमावस्येला ते मुद्दाम नवं काम काढायचे.

"मी मानत नाही," ते हळूच म्हणाले. "पण ओल तं तिथंच दिसून राहिली."

येत्या अमावस्येला पाळत ठेवायची ठरली. पंच म्हणून मी. सरकारी माणूस, त्याला साक्षीदाराशिवाय मूळसुद्धा सापडून चालत नाही. जेवणं झाल्यावर काकांनी काकूंना नेहमीसारखं सांगितलं, तलावावर जाऊन येतो. पुढच्या दारानं गेले, गल्लीला वळसा घातला आणि माझ्या परसातून आत आले. माझ्या न्हाणीची खिडकी त्यांच्या मधल्या खोलीच्या खिडकीसमोर येते. तिथं पालथ्या बादलीवर काका बसले, मागं मी उभी. याच न्हाणीतलं भोक त्यांनी काढलं होतं, ते मला आठवत होतं आणि हसू येत होतं.

फार वाट पाहावी लागली नाही. काकू हातपाय धुऊन आल्या. त्यांच्या हातात ताट होतं. ताटात हळदकुंकू, माझ्या झाडाचं लिंबू आणि त्यांच्या गुडघ्याची चुंबकं.

ही चुंबकं काकांनीच आणून दिली होती. काकूंचे गुडघे धरले तेव्हा तुमसरच्या एका वैद्याकडून. पितळी डबीत बसवलेली, हातात घेतली तर मनगट वाकेल अशी जड दोन चुंबकं. त्यांच्यावर पाय ठेवून बसायचं. ती काकूंच्या थैलीत, स्वयंपाकघराच्या दारामागं टांगलेली असायची. तिथं मूळ शोधायचं काकांच्या डोक्यात कधी आलं नाही.

काकूंनी मच्छरदाणी वर केली, दोन्ही हातांनी फ्लॉपी उचलली, एका चुंबकावर ठेवली आणि वर दुसरं चुंबक ठेवून वरून हळदकुंकू वाहिलं. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात, लोखंड जवळ असलं की नजर लागत नाही म्हणून. गावभरचे लोक मशीन पाहायला येतात, त्याला दृष्ट लागणारच, हे काकूंनी पहिल्यापासून मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि घरात विळ्याहून जालीम लोखंड कोणतं, तर लोखंडालाही ओढून घेतं ते. मशीन जितकं बिघडे तितकं त्या हे लोखंड जास्त वेळ ठेवत गेल्या असणार. मला हसावं की रडावं कळेना.

त्यांनी लिंबू उतरवलं आणि पुटपुटल्या. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"इडापिडा टळू दे बाप्पा. माझ्या विनूच्या हातची वस्तू हाये. ह्याच्यापायी बापलेक बोलाले लागले. हे नीट राहू दे. हे गेलं तं पुन्हा मुके होतीन दोघं."

मी काकांकडे पाहिलं. आता हे उठणार, खिडकीतूनच ओरडणार आणि सगळ्या गल्लीला मूळ सांगणार, याची मला खात्री होती. मी त्यांचा सदरा धरायच्या बेतात होते.

काका उठले ते चपला हातात घेऊन. पाय न वाजवता परसात आले, माझ्या लिंबाच्या झाडाखाली उभे राहिले आणि बराच वेळ झाडाच्या बुंध्याकडे पाहत राहिले.

"सापडलं काका," मी म्हटलं. माझ्याच्यानं राहवेना.

"काय सापडलं?"

"अहो, मूळ."

"तुम्ही काही पाह्यलं नाही, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "मीबी नाही पाह्यलं."

मी वाद घालायला तोंड उघडलं, पण ते आपणहूनच बोलायला लागले, माझ्याकडे न बघता. "मी तिले सांगतलं, का तुझ्या हातानं बिघडते, तं ते खरंच होईन. पण ती पुन्हा कोण्या वस्तूले हात लावन काय? विनूच्या तं नाहीच. चूप बसन एका कोपऱ्यात." मग म्हणाले, "एक भोक सापडलं होतं मले भर पंगतीत. ते बुजवाले तीन वर्षं गेली, अन् बुजवलं तं त्यानंच, मी नाही."

त्यांचे डोळे भरले होते. सेलोकर काकांचे डोळे मी त्या एकदाच भरलेले पाहिले.

"मग मशीन असंच बिघडू द्यायचं?"

"बिघडन थोडंसं," काका म्हणाले आणि चपला घालून पुढच्या दारानं, तलावावरून आल्यासारखे, घरात गेले. आत गेल्यावर मोठ्यानं विचारलेलं मला ऐकू आलं, "गुडघे कसे हायेत गा तुये? चुंबक लावून राहिली नं?"

दुसऱ्या दिवशी फाइल गेली. काकांनी ट्रंक कॉल लावला. रविवारी विनोद आला.

त्या दिवशी मी मुद्दाम गेले. हात धुऊन, उंबऱ्यावर दाखवायला उभी राहिले, तर काका म्हणाले, "या या, राहू द्या." विनोद मशीनसमोर बसला होता. त्यानं मच्छरदाणीतून फ्लॉपी काढली, उजेडाला धरली. तिच्या कोपऱ्यावर हळदीचा बारीकसा डाग होता. विनोदनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. काका कॅलेंडर वाचत होते. विनोदनं अंगठा ओला केला, हळद पुसली, अंगठा रुमालाला पुसला आणि कामाला लागला. डाग पुसायचा तो हात सवयीचा होता.

मशीनच्या एका तोंडात त्यानं आपल्याजवळची चांगली फ्लॉपी घातली, दुसऱ्यात घरची. दोनचार बटणं दाबली. इकडून तिकडे कुरकुर झाली. माझा चहा अर्धाही झाला नव्हता तर म्हणाला, "झालं."

"एवढंच?" मी म्हटलं. "मी समजत होते तुला दिवसभर लागतो."

"नाही बाई. कॉपी करायला कितीसा वेळ लागते?"

त्याच्या बॅगेत कोऱ्या फ्लॉप्यांचा डबा होता, गच्च भरलेला. माझी नजर त्याच्यावर गेली. मास्तरकी अंगात मुरलेली, मी विचारून बसले, "अरे, मग आणखी दोनचार कॉप्या करून ठेव ना घरात. एक गेली तर दुसरी घालतील. तुझी खेप तरी वाचेल."

विनोद माझ्याकडे पाहून हसला. त्यानं डब्याला झाकण लावलं, डबा बॅगेत टाकला आणि बॅगेची चेन ओढली.

"ठेवतो नं बाई," म्हणाला. "पुढच्या खेपेले ठेवतो."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की इतक्या खेपांत हे एवढं साधं काम या हुशार पोराला एकदाही कसं सुचलं नाही.

काकांनी कॅलेंडरवरून डोळे न काढता विचारलं, "मूळ सापडलं काय रे?"

"नाही बाबूजी. पाहून राहिलो."

"पाहा. घाई नाही."

मी काहीतरी बोलणार होते. काय, ते आता आठवत नाही. काका चटकन म्हणाले, "मास्तरीणबाई, पाटोडीचा रस्सा थंडा होऊन राहिला. बसा जेवाले."

बसले. आम्ही तिघं एका ओळीत, काकू वाढायला. मग विनोदनं पुन्हा भात मागितला, आणि काकू उठायच्या आत काकांनीच पातेलं ओढून त्याला वाढला.